आपला फाउल आपण सांगायचा

दिवाळी अंकासाठी ‘तुमच्या व्यवसायाबद्दल लिहा’ असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी त्यांना आधी विचारून घेतलं की माझा व्यवसाय काय आहे हे तरी तुम्हाला ठाऊक आहे का. ते म्हणाले, “तुम्ही स्नूकरचे कोच ना?” कोच नव्हे. मी मार्कर. उभं आयुष्य जालन्यातल्या एका स्नूकर हॉलमध्ये मार्कर म्हणून गेलं, आणि मार्कर म्हणजे काय हे सांगण्यातच त्यातला बराचसा वेळ गेला.

आमच्याकडे ‘क्लबात काम करतो’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पत्त्यांचा अड्डा येतो. माझं लग्न जमत होतं तेव्हा मध्यस्थाने नेमकं तेच सांगून ठेवलं होतं. केदारखेड्याहून माझे होणारे सासरे खात्री करायला थेट हॉलवर आले. धोतर सावरत जिना चढले, खुर्चीवर बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी त्या वेळी टेबलाला इस्त्री करत होतो. गावी जाऊन त्यांनी सांगितलं, “पोरगं चांगलंय. दारू न्हाई, पत्ते न्हाई. दिसभर टेबलाले इस्त्री करून राह्यलं.” तेवढ्यावर त्यांची मुलगी सुमन लग्न होऊन माझ्या घरी आली. मला एकच डोळा आहे हे त्यांना आधीच सांगितलेलं होतं, त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत.

तर, टेबलाला इस्त्री करतात. स्नूकरचं टेबल चांगलं पलंगाहून दुप्पट मोठं असतं. आत दगडी पाट्या, त्यांवर ताणून बसवलेलं हिरवं लोकरीचं कापड. त्या कापडाला अंगावरच्या केसांसारखी एक दिशा असते. आधी ब्रश मारायचा, मग कोमट इस्त्री फिरवायची, दोन्ही एकाच दिशेने. उलटी फिरवली की बॉल वाट सोडून पळतो. जालन्यात तर लोखंडाच्या कारखान्यांची बारीक काळी धूळ सगळीकडे बसते, त्यामुळे आमच्या कापडाचं आयुष्य कमी. ब्रश, इस्त्री, खेळायच्या काठीच्या टोकाचं चामडं बदलणं, खेळ सुरू झाला की गुण मांडणं आणि पडलेला रंगीत बॉल टेबलाच्या कडेच्या पॉकेटमधून काढून त्याच्या जागेवर ठेवणं, हे सगळं मार्करचं काम. खेळ साधा आहे. पांढऱ्या बॉलने आधी लाल बॉल पाडायचा, मग एखादा रंगीत, मग परत लाल. पांढरा सोडून कुठल्याही बॉलला काठी लागता कामा नये, पांढऱ्यालाही ती फक्त मारतानाच लागावी, आणि हात, बाही, शर्टाचं टोक तर कुठल्याच बॉलला लागता कामा नये. लागलं तर फाउल. गुण समोरच्याला. या फाउलचीच ही सगळी कहाणी आहे, म्हणून तेवढं लक्षात ठेवा.

आता डोळ्याचं सांगतो. अंबडला कोर्टाच्या समोर माझ्या वडिलांची पानाची टपरी होती. मी शाळा सुटली की तिथे बसायचो. एके दिवशी चुन्याची नळी तोंडाशी सुकून घट्ट झाली होती. वडील एका वकिलाचं पान लावत होते. ते म्हणाले, “दाब जरा जोरात.” मी नळी तोंडासमोर धरली आणि दोन्ही हातांनी दाबली. चुना सरळ डाव्या डोळ्यात. कोणीतरी म्हणालं दूध घाला, कोणी म्हणालं तूप घाला, आणि तसं केलंही. साधं पाणी भरपूर ओतायला हवं होतं, हे पुढे कळलं. डोळा पांढरा झाला तो झालाच. वडील त्यानंतर जगले तितकी वर्षं माझ्या उजव्या बाजूला बसून जेवले. डाव्या बाजूला बसायची त्यांची हिंमत झाली नाही. मला त्यांचा राग कधी आला नाही. त्यांना मात्र तो स्वतःचा येत राहिला, आणि ते बघणं डोळा जाण्याहून अवघड होतं.

मोठा झाल्यावर कामाला जालन्याला आलो. कारखान्याच्या गेटवर माझ्या तोंडाकडे बघितलं की परत पाठवत. शेवटी बियाण्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर एक नवा हॉल निघत होता, तिथे झाडलोट करायला लागलो. हॉलचे मालक परतूरच्या कापसाच्या व्यापाऱ्याचे चिरंजीव. पुण्याला शिकायला गेले आणि शिक्षणाऐवजी स्नूकर घेऊन आले. सगळे त्यांना शेठ म्हणत, मीही शेठच म्हणायचो. दुपारी हॉल रिकामा असायचा. मी झाडून झालं की काठी हातात घ्यायचो.

एका डोळ्याच्या माणसाला खोली कळत नाही. सपाट भिंतीवर चित्र काढलेलं असावं तसं जग दिसतं. मी चहा ओतायचो तो कपाच्या अलीकडे पडायचा. काठीच्या टोकाला खडू लावायला गेलो तर खडू हवेत फिरायचा. टेबलावर दोन बॉल मागे-पुढे असले की मला ते चिकटलेले वाटायचे, मधे हाताभर जागा असली तरी. म्हणून मी एक सवय लावून घेतली. मारण्याआधी टेबलाला चक्कर मारायची, प्रत्येक बॉल बाजूने बघायचा, कुठे किती फट आहे हे डोक्यात बसवायचं आणि मगच वाकायचं. गिऱ्हाइकं वैतागायची. “बापू, खेळून राह्यले का प्रदक्षिणा घालून राह्यले?” असं विचारायची.

नेमाचं मात्र उलट होतं. नेम लोक धरतातच एका डोळ्याने. तरी माझा बॉल दर वेळी एकाच अंगाला चुकायचा. मला वाटलं टेबल कललंय. पातळी लावून बघितली, टेबल सरळ. कलली होती ती माझी मान. दोन डोळेवाले काठी हनुवटीच्या मधोमध धरतात, म्हणून मीही तशीच धरत होतो. एका दुपारी काठी सरकवून उजव्या जबड्याखाली, बरोबर चांगल्या डोळ्याच्या रेषेत आणली. लांबचा लाल असा गेला की पॉकेटच्या कडेला आवाजसुद्धा झाला नाही. मी एकटाच होतो. रडलो मी त्या दिवशी. जबड्यावर काठी घासून घासून तिथे पुढे काळा घट्टा पडला, तो अजून आहे.

पुढे शेठनी मला मार्कर केलं, आणि मी चांगला खेळतो ही बातमी पसरली. अंबड, परतूरहून लोक ‘एका डोळ्याचा बापू’ बघायला येऊ लागले. कॉलेजच्या पोरांनी तर भलताच शोध लावला. एक डोळा मिटल्यावर नेम बसतो असं समजून सगळी पोरं डावा डोळा घट्ट मिटून खेळू लागली. एकाच वेळी चार पोरं काणी होऊन टेबलावर वाकलेली बघून मला हसावं की रागवावं कळेना. महिनाभर कुणाचाही बॉल पॉकेटमध्ये गेला नाही, मग ते खूळ आपोआप गेलं.

माझी खरी अडचण डाव्या हाताची होती. खेळताना डावा हात पुढे टेकतो आणि त्याच बाजूला मला अंधार. हाताच्या शेजारी बॉल असला तर बाही लागून तो हलायचा आणि मला पत्ता नसायचा. म्हणून वाकायच्या आधी मान पूर्ण वळवून डावीकडचे सगळे बॉल बघून घ्यायचे, घट्ट हाफ बाह्यांचा शर्ट घालायचा, आणि जरा शंका आली तर “फाउल” म्हणून स्वतःच बाजूला व्हायचं. हे मी इतकं कसोशीने पाळलं की लोक म्हणू लागले, बापूच्या एका डोळ्याला जे दिसतं ते आपल्या दोन्हींना दिसत नाही. हॉलच्या दुसऱ्या टोकाला खडूचा तुकडा कापडावर पडला तरी मी इकडून हाक मारायचो. अशी कीर्ती ऐकायला कुणाला आवडत नाही? मलाही आवडायची.

आता त्या भांडणाचं सांगतो. भोकरदनचा एक कंत्राटदार आणि जालन्यातले एक ट्यूशनवाले सर खेळत होते. सर म्हणाले, “तुमची बाही लागली.” कंत्राटदार म्हणाला, “न्हाई लागली.” “लागली.” “तुम्ही मला चोर म्हणून राह्यले का?” मी मधे पडेपर्यंत कंत्राटदाराने काठी उलटी करून जाड्या टोकाने सरांच्या तोंडावर मारली. भुवई फाटली. रक्त हिरव्या कापडावर सांडलं, आणि ते कापडातून कशानेही निघत नाही. मी सरांच्या भुवईवर रुमाल दाबून धरला होता आणि माझ्या मनात एवढंच चाललं होतं, की घाव बोटभर खाली बसला असता तर हा माणूस माझ्यासारखा झाला असता. एका फाउलसाठी.

पोलीस आले, हॉल काही दिवस बंद राहिला. उघडल्यावर मी शेठना सांगून भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून घेतलं : ‘आपला फाउल आपण सांगायचा. दुसऱ्याने बोलायचं नाही.’ ज्याला पटत नसेल त्याने खाली बियाणं घ्यावं आणि घरी जावं, असंही मी तोंडी सांगायचो. स्नूकरमध्ये स्वतःचा फाउल स्वतः कबूल करण्याची रीत जगभर आहे. पण समोरच्याने तोंडही उघडायचं नाही हा नियम आमच्या हॉलचा, माझा.

पहिले काही दिवस नियमाची थट्टाच झाली. कोणीच काही सांगेना. मग एका शुक्रवारी गफूरभाई खेळत होता. हा लेथवर काम करणारा माणूस, उंच, कपड्यांना कायम मशीनच्या तेलाचा वास, बोलणं कमी. शुक्रवारी त्याची सुट्टी, नमाज झाली की सरळ हॉलवर यायचा. त्या दिवशी तो शेवटच्या काळ्या बॉलवर जिंकायला आला होता. वाकला, आणि परत सरळ उभा राहिला. “बापू, मेरी काठी लागली पांढऱ्याला. मारायच्या आधीच. फाउल.” कुणालाच दिसलं नव्हतं. तो हरला आणि शांतपणे चहा प्यायला गेला. त्यानंतर हॉलमध्ये खोटं खेळायची लोकांना लाज वाटू लागली. नियम मी लिहिला, पण चालू केला तो गफूरभाईने. ‘जालन्याच्या त्या हॉलात माणूस आपला फाउल आपण सांगतो’ हे वाक्य मी परतूरच्या स्टेशनवर अनोळखी माणसाच्या तोंडून ऐकलं आहे. मला कुणी विचारलं की आयुष्यात काय केलंस, तर मी हेच सांगत आलो.

गफूरभाई आणि मी त्या शुक्रवारपासून जोडीदार झालो. तो रिटायर झाल्यावर तर रोज दुपारी एक डाव ठरलेला. बहुतेक तोच जिंकायचा. लेथवर केसाच्या जाडीचं माप धरणाऱ्या हाताशी माझी बरोबरी कुठली?

आणि मग गेल्या वर्षी मी जिंकू लागलो. एकदा-दोनदा नव्हे, सतत. गफूरभाईला हरवलं, इतरांना हरवलं. लांबचे बॉल पूर्वीसारखेच सरळ जात होते. साठी उलटल्यावर खेळ सुधारतोय म्हणून मी हवेत होतो. घरी सुमनला सांगायचो. ती म्हणायची, “लोकाइचे या वयात गुडघे जातेत अन् तुमचा खेळ वाढून राह्यला. पण घरात वावरताना लक्ष कुठं असतं तुमचं?” कारण मी दाराच्या चौकटीला खांदा आपटत होतो. पायाशी ठेवलेली बादली लाथेने उडवली होती. एकदा बसच्या पायरीवरून पडता पडता वाचलो. मी वयावर ढकललं. चष्म्याच्या दुकानात जाऊनही आलो. तक्त्यावरची सगळ्यात खालची, बारीक ओळ मी धडाधड वाचली. दुकानदार म्हणाला, “काका, नजर एकदम ओक्के.” मला तेवढं पुरे होतं.

हॉलमध्ये एक बदल झाला होता, तोही मला दिसला होता. मी खेळायला लागलो की गप्पा थांबायच्या. काही जुने गडी माझ्याशी खेळायचं टाळायला लागले. कुणाची कंबर दुखायची, कुणाला काम निघायचं. मला वाटलं, हरायला घाबरतात. आत्ता हे सांगताना माझी मलाच कीव येते.

त्या सुमारास जालन्यातल्या एका बँकेत नव्या बदलून आलेल्या मॅडम हॉलवर येऊ लागल्या. नाशिककडच्या, वडिलांकडून खेळ शिकलेल्या, हात चांगला. आमच्या हॉलमध्ये बायका खेळत नसत, त्यामुळे सगळे अवघडले होते. मी मुद्दाम त्यांच्याशी पहिला डाव मांडला. गफूरभाई आणि आणखी काहीजण बाकावर बसून बघत होते. मी पिवळ्या बॉलवरून वाकून एक लाल पाडला. सुरेख गेला. पुढच्या बॉलसाठी वळलो, तर मॅडम म्हणाल्या, “काका, फाउल ना? तुमचा शर्ट पिवळ्याला लागला.”

मी हसून भिंतीकडे बोट दाखवलं. “आमच्या इथं दुसऱ्यानं सांगायचं नसतं, मॅडम. लागला असता तर मीच बोललो असतो.”

“नियम वाचला मी,” त्या म्हणाल्या. “पण बॉल चांगला वीतभर हलला. आणि मघाशी तुमच्या कोपरानं लालही हलला होता. मला वाटलं, तुम्ही सांगाल.”

माझं डोकं भणभणलं. इतक्या वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं. मी बाकाकडे वळलो. “गफूरभाई, तू बघून राह्यला होता ना? लागला का माझा शर्ट?”

गफूरभाई खाली बघत होता.

“गफूरभाई, लागला का?”

“जाऊ द्या ना, बापू.”

“जाऊ द्या काय? बराबर सांग.”

“लागला,” तो म्हणाला.

“अन् मघाशी? लालला?”

“तोबी लागल्ता.”

बाकीच्यांकडे बघितलं. एकानेही मान वर केली नाही. मी विचारलं, “कधीपासून चाललंय हे?” शेवटी गफूरभाईच म्हणाला, “लई दिवस झाले. मागच्या उन्हाळ्याच्या आधीपासून.” मॅडम गोंधळून आमच्याकडे बघत होत्या. त्यांनीच पहिल्यांदा तो प्रश्न विचारला, जो त्या हॉलमध्ये कुणालाही सुचला नव्हता. “काका, तुम्हाला पिवळा दिसला नव्हता का?”

दुसऱ्या दिवशी सुमन मला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे एका पांढऱ्या भांड्यासारख्या मशीनमध्ये तोंड घालून बसवतात. समोर एका ठिपक्याकडे बघत राहायचं, आजूबाजूला कुठेही उजेडाचा कण चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी बसलो. बराच वेळ काही चमकलंच नाही. मी आतूनच विचारलं, “मशीन चालू केली का?” तपासणारी मुलगी म्हणाली, “काका, कधीचीच चालू आहे.”

काचबिंदू. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की हा रोग चोरपावलांनी येतो, दुखत नाही, लाल होत नाही. मधली नजर शेवटपर्यंत शाबूत ठेवतो आणि कडा खात जातो. म्हणून तक्ता वाचता येत होता, म्हणून लांबचा नेम बसत होता. खालचं आणि बाजूचं मात्र गेलं होतं. मी नळीतून बघावं तसं टेबल बघत होतो आणि मला ते पूर्ण दिसतंय असंच वाटत होतं. माझ्या चकरा, मान वळवणं, सगळं चालू होतं. फक्त त्या नळीत येईल तेवढंच आता दिसत होतं, बाकीचं सुटत होतं.

मी विचारलं, “वर्षभर आधी आलो असतो तर?”

त्या म्हणाल्या, “बरंच वाचलं असतं. गेलेलं आता परत येणार नाही. थेंब नियमित टाकले तर उरलेलं सांभाळायचा प्रयत्न करू. तुम्हाला दुसरा डोळा असता तर गोष्ट वेगळी होती.”

घरी आल्यावर मी हॉलवर जायचं सोडलं. संताप संताप होत होता. ही सगळी माणसं वर्षभर माझे फाउल बघत बसली, आणि ते कुणी मोजले नाहीत म्हणून मी जिंकत राहिलो. त्यातल्या एकाने जरी तोंड उघडलं असतं तरी मी आज दाराची चौकट चाचपत चाललो नसतो. मला वाटत होतं, यांनी माझ्यावर दया केली. म्हातारा आहे, आंधळा होतोय, जिंकू द्या बिचाऱ्याला. सुमन म्हणायची, तुमच्याच नियमानं त्याइचं तोंड बांधलं, त्याइला कशाला बोल लावता? ते ऐकलं की आणखीच चिडायचो.

आठवड्यानंतर गफूरभाई घरी आला. हातात मोसंब्यांची पिशवी, आजाऱ्याला बघायला आणतात तशी. सुमनने पाणी दिलं. तो खुर्चीच्या कडेवर बसला. त्याचा चेहरा बघायचा म्हणजे मला त्याच्याकडे सरळ तोंड करावं लागत होतं, नाहीतर तो दिसायचाच नाही.

मी म्हणालो, “गफूरभाई, बाकीच्याइचं सोड. तू का न्हाई बोलला? एवढी दया आल्ती का माझी?”

“दया न्हाई आल्ती, बापू,” तो म्हणाला.

“मंग?”

त्याने ग्लास खाली ठेवला. दोन्ही पंजे एकमेकांवर घासले. मग म्हणाला, “मला वाटलं, तुम्ही चोरी करून राह्यले.”

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणाला ते.

“तुम्हाला दिसत न्हाई, हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई. तुम्हाला तर सगळ्या हॉलचं दिसतं. सगळे तसंच म्हणून राह्यले होते. पहिल्या डावाला मी म्हणलं, चुकून झालं असंल, आता सांगताल. तुम्ही न्हाई सांगितलं. मंग रोजच. मी घरी जाऊन बीवीला म्हणलं, बापू चोर निघाला.” त्याने दोन्ही कानांना हात लावले. “अल्ला माफ करे. म्हातारपणी जिंकायची हौस आली असंल, म्हणलं. आपल्यासमोर त्याइची इज्जत जायला नको म्हणून गप बसलो. रोज येऊन हरत राह्यलो.”

सुमन आतून बाहेर आली होती, ती तशीच दारात उभी राहिली. गफूरभाई रडत होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो. मला रडू येत नव्हतं. ज्या माणसाने माझा नियम खरा करून दाखवला, तो वर्षभर मला चोर समजून माझ्यासोबत खेळत होता. रोज दुपारी मला चहा पाजत होता. मी त्याला म्हणालो, “तोंडावर चोर म्हणला असता तर भांडलो असतो रे तुझ्याशी. डोळा तरी वाचला असता.” तो म्हणाला, “मालूम है.”

हा लेखही मी सांगितला आहे आणि सुमनने लिहून घेतला आहे, कारण लिहिताना माझी ओळ सुटते. तिने इथे हात थांबवून विचारलं, “पुढचंबी लिहायचं का?” लिहायचं.

पुढे काही दिवसांनी मी हॉलवर गेलो. भिंतीवरचा नियम मी रंगाऱ्याकडून पुसून घेतला. सगळ्यांना सांगितलं की आता ज्याला जो फाउल दिसेल त्याने तो मोठ्याने बोलायचा. विशेषतः माझा. मग गफूरभाईसोबत डाव मांडला. दुपारची वेळ होती. मॅडम बँकेत होत्या, बाकावर जुनेच चेहरे होते. मी कसाबसा खेळत होतो. एखादा बॉल जायचा, बरेच राहायचे. माझ्याकडून काही लागतंय की नाही हे मला कळायला मार्ग नव्हता. गफूरभाई काही बोलत नव्हता. मी प्रत्येक वेळी विचारायचो, “काही लागलं का?” तो म्हणायचा, “न्हाई बापू, साफ गेला.”

एका बॉलच्या वेळी मी वाकलो, आणि मारायच्या आधी मान पूर्ण खाली वळवून पिवळा बॉल माझ्या नजरेच्या नळीच्या बरोबर मधोमध आणला. नीट बघून घेतला. मग डाव्या मनगटाने त्याला मुद्दाम ढकललं. पिवळा घरंगळत जाऊन कडेला लागला आणि थांबला. मी तो पूर्ण थांबेपर्यंत बघितला. मग मान वर केली, पांढरा मारला आणि विचारलं, “काही लागलं का, गफूरभाई?”

तो माझ्या अगदी जवळ उभा होता. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता.

“न्हाई बापू,” तो म्हणाला. “साफ गेला.”

मी काठी टेबलावर आडवी ठेवली. त्यानंतर मी खेळलो नाही.